डावीकडे वळलेला शंख

सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी

दुपार झाली आहे आणि तुमची सावली दक्षिणेला पडली आहे. आधी तिच्याकडे बघा. पुढे जिला भंडारा जिल्हा म्हणतील त्या जमिनीवर तुम्ही उभे आहात, पण ही जमीन अजून विषुववृत्ताच्या खाली आहे आणि सूर्य उत्तरेकडून तळपतो आहे. भारत या घडीला एक बेट आहे. मादागास्करपासून तुटून त्याला दोन कोटी वर्षं होऊन गेली. आशियाचा किनारा उत्तरेला हजारो किलोमीटर दूर आहे आणि मध्ये टेथिस समुद्र पसरला आहे.

आजची कुठलीही खूण इथे शोधू नका. पायाखालचा खडक तेवढा ओळखीचा आहे. साकोलीच्या बाजूला टेकड्यांवर जे जुने, दुमडलेले, चमकदार पापुद्र्यांचे खडक उघडे पडलेले दिसतात, ते या क्षणीही शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. पश्चिमेकडे लवकरच जे घडणार आहे त्याच्या मानाने ही पूर्वेची बाजू शांत आहे.

आता नैऋत्येला चालायला लागा. पुढे जिथे चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा गाव वसेल, तिथे ओलसर, चिखलाची, उथळ पाण्याची सपाटी लागते. लांब मानेचे प्रचंड प्राणी पाण्याच्या कडेने चरत आहेत. हे टायटॅनोसॉर. यांच्यातल्याच एकाचा सांगाडा जवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून बाहेर येईल आणि तो उकरणाऱ्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या नावावरून त्याला ‘आयसिसॉरस’ म्हणतील. टायटॅनोसॉरच्या विष्ठेचे गोळे चिखलात पडले आहेत. एक फोडून बघण्यासारखा आहे. त्यात झाडांच्या पाल्याबरोबर गवताच्या पेशींतले सिलिकेचे सूक्ष्म कण आहेत. वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी २००५ साली हे कण ओळखतील आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला पहिल्यांदा पुराव्यानिशी कळेल. २०११ साली त्याच संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे येईल: या गवतांमध्ये भाताच्या कुळीचे नातेवाईकही होते.

तुम्ही धानाच्या जिल्ह्यातून आला आहात. बांधीत गुडघाभर पाण्यात उभं राहून रोवणी करणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. त्या धानाच्या दूरच्या नातलगांनी या बेटावरच्या पाणथळीत मूळ धरलेलं आहे. त्यांच्या आसपास, चिखलाला चिकटून, आणखी कुणी जगतं आहे. त्यांच्यासाठीच आपण आलो आहोत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी

इथून उत्तरेला वळा आणि सुमारे दहा लाख वर्षं पुढे या. नागपूरच्या पश्चिमेची जमीन आता काळी आहे. भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. असे प्रवाह एकावर एक येत राहतील आणि त्यांच्या थरांनी पुढे महाराष्ट्राचा बहुतांश भाग झाकलेला असेल. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची लेणी, सीताबर्डीची टेकडी, सगळं याच दगडाचं.

पण तुम्ही आलात ती वेळ आगीची नाही. एक प्रवाह थंड झाला आहे आणि पुढचा अजून आलेला नाही. काळ्या खडकाच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचलं आहे. कडेला माती धरली आहे, मातीत झाडं रुजली आहेत आणि तळाला बारीक गाळाचा थर बसतो आहे. पुढे ज्या भागाला टाकळी म्हणतील, तिथलं हे तळं आहे.

गुडघ्यावर बसा आणि पाण्यात बघा. तळाशी कॅराची हिरवी जाळी आहे. ही पाणवनस्पती आपल्या बीजकोशांभोवती चुन्याचं कवच घडवते, म्हणून तीही दगडात टिकेल. दाण्याएवढे द्विदल कवचांचे जीव पोहत आहेत, ते ऑस्ट्राकोड. बारीक मासे आहेत, बेडूक आहेत. नागपूरच्या गिट्टीखदान भागातल्या अशाच थरातून त्यांच्या हाडांचे कण १९८४ साली शास्त्रज्ञांसमोर येतील.

आणि त्या कॅरावर, दगडांवर, पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला उलटं लटकून, शंख. शेकड्यांनी.

एक उचला. कवच पातळ आहे, फुगीर आहे, शेवटचा वेढा बाकी सगळ्या वेढ्यांना झाकून टाकेल इतका मोठा. आता शंख ओळखण्याचा पहिला नियम शिकून घ्या. शेंडा वर धरा आणि तोंड स्वतःकडे करा. जगातल्या बहुतेक गोगलगायींचं तोंड अशा वेळी तुमच्या उजव्या हाताला येतं. याचं डाव्या हाताला आलं आहे. कवच डावीकडे वळलेलं आहे. हा फायसा.

त्याच्या आजच्या नातेवाइकांवरून त्याचं जगणं ताडता येतं. त्याला कल्ले नाहीत. तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो, एक छिद्र उघडतो, हवा आत घेतो आणि पुन्हा खाली जातो. त्याच्या तोंडात दातांच्या बारीक रांगांची पट्टी आहे. किसणीसारखी ती दगडावरून फिरते आणि शेवाळ खरवडते. प्रत्येक जीव एकाच वेळी नर आणि मादी असतो, आणि वेळ पडली तर एकटाही वंश चालवू शकतो. लाव्ह्याने वेढलेल्या प्रदेशात हा गुण फार मोलाचा आहे. पुरात वाहत आलेला किंवा एखाद्या प्राण्याच्या चिखलाळ पायाला चिकटून पोचलेला एक जीव नव्या तळ्यात अख्खी वस्ती उभी करू शकतो. म्हणूनच महाराष्ट्र, मध्य प्रदेश, तेलंगणा, गुजरात, जिथे जिथे दोन लाव्ह्यांच्या मधला गाळ सापडेल तिथे तिथे फायसा सापडण्याची शक्यता आहे. प्रत्येक प्रवाहाने तळी पुसली, आणि प्रत्येक शांत काळात हा पुन्हा आला.

त्याच्या शेजारी बघा. उंच, टोकदार, पातळ कवचाचा आणि उजव्या तोंडाचा तो लिम्निया. त्याहून गोलसर, जाड, तोंडाला झाकण असलेला पॅल्युडिना. त्याला कल्ले आहेत, म्हणून तो तळाशी राहतो, आणि त्याच्या कुळातल्या माद्या अंडी न घालता कवचासकट पिल्लं जन्माला घालतात. राईच्या दाण्याएवढे, चपटे व्हॅल्व्हाटा. चिखलात अर्धा रुतलेला दोन झडपांचा शिंपला, युनियो. एका तळ्यात इतके प्रकार. बेटावरची तळी अशी कामं करतात. एकदा आत आलेल्या जीवाला बाहेरची वाट सहसा सापडत नाही, आणि पिढ्यांमागून पिढ्या त्याच पाण्यात त्याचे नवे प्रकार घडत जातात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या जुन्या तळ्यांत आजही हे जिवंत पाहायला मिळतं. पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या दूरच्या चुलत भावांनी १८९८ साली तिथल्या गोड्या पाण्यातल्या शंखांवर ग्रंथ लिहिला, आणि टायलोमेलॅनिया नावाच्या तिथल्या गटात अजून नव्या प्रजातींची भर पडते आहे.

आता मागे सरा. पश्चिमेच्या आकाशाचा रंग बदलला आहे. पुढचा प्रवाह निघाला आहे. तळ्याचं पाणी नाहीसं होईल, गाळ दाबला जाईल, वर काळा दगड बसेल. लाव्ह्यातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. ती गाळात उतरेल, शंखांच्या पोकळ्यांत भरेल, काही ठिकाणी कवचाचीच जागा घेईल. मऊ शरीर कुजून जाईल, पण वेढे राहतील, तोंड राहील. डावीकडचं तोंड डावीकडेच राहील.

एप्रिल १८२३, गाविलगड

मेळघाटातल्या उन्हात तुम्ही एका इंग्रज डॉक्टरामागे चढ चढत आहात. हेन्री व्हॉयसी हे भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे शल्यवैद्य आणि भूशास्त्रज्ञ. सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्ब्टन याच वर्षी जानेवारीत हिंगणघाटला वारले आहेत. व्हॉयसी काळ्या दगडांमधला एक फिकट थर न्याहाळतात आणि त्यात त्यांना शंख दिसतात.

इथे थांबा, कारण या शंखांनी काय सिद्ध केलं ते समजून घ्यायला हवं. काळा दगड लाव्ह्याचा आहे हे मान्य केलं तरी प्रश्न उरतो: तो समुद्राखाली थिजला की उघड्या जमिनीवर? एका दमात आला की थांबत थांबत? दगड स्वतः उत्तर देत नाही. त्याच्या मधल्या थरातली गोड्या पाण्यातली गोगलगाय देते. ती समुद्रात जगत नाही, म्हणजे इथे जमीन होती. ती लाव्ह्यात जगत नाही, म्हणजे इथे शांतता होती. तिच्या पिढ्या जगल्या, म्हणजे ती शांतता लांब होती. दख्खनच्या पठाराचा सगळा इतिहास दोन काळ्या थरांमधल्या या फिकट रेषेतून वाचता येतो.

व्हॉयसी १८२४ साली वारले. गाविलगडच्या शंखांवरचा त्यांचा लेख १८३३ साली छापून आला. त्यानंतर मद्रासचे डॉक्टर जॉन ग्रँट माल्कम्सन यांनी हैदराबाद ते नागपूर या वाटेवर असेच शंख गोळा केले. १८४० साली लंडनच्या भूशास्त्र सोसायटीने त्यांचा निबंध छापला आणि त्यात शंखांचे जाणकार सॉवर्बी यांनी डाव्या तोंडाच्या त्या शंखाला नाव दिलं: फायसा प्रिन्सेपी.

प्रिन्सेप म्हणजे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे जेम्स प्रिन्सेप. ब्राह्मी लिपी वाचण्याची किल्ली त्यांनी १८३७ साली शोधली. भंडारा जिल्ह्यात पवनीला जाल तेव्हा हे नाव आठवा. तिथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं, तेव्हा शिल्पांवरचे ब्राह्मी लेख वाचता आले ते याच किल्लीमुळे. दगडावरची अक्षरं वाचायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव दगडातल्या शंखाला मिळालं, आणि असे दोन्ही दगड पूर्व विदर्भाच्या मातीत सापडतात.

१८५१, टाकळी

नागपूरवर अजून भोसल्यांचं राज्य आहे. तिसरे रघूजी गादीवर आहेत. शहराच्या वायव्येला टाकळीच्या माळावर दोन स्कॉटिश मिशनरी चालत आहेत, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवणं हे त्यांचं काम. पण त्यांची नजर सतत जमिनीवर असते.

त्यांच्या बाजूला चाला. माती काळी, दगड काळे, आणि मध्येच पांढरट तुकडे. हिस्लॉप वाकतात. तुम्हीही वाका. तुकड्यात एक शंख आहे. शेंडा वर धरा, तोंड स्वतःकडे करा. डावीकडे.

या माळावर तुम्ही आधी येऊन गेला आहात. तेव्हा इथे पाणी होतं.

पुढची काही वर्षं दोघं जण नागपूरच्या चहूबाजूंनी दगड फोडत राहिले. टाकळी, तेलंखेडी, पिसदुरा. नागपूरच्या भूशास्त्रावरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनमध्ये छापून आला. त्यांनी पाठवलेल्या खोक्यांमध्ये शंख होते, शिंपले होते, फळं आणि बिया होत्या, भुंग्यांचे पंखही होते. ज्याचं ज्ञान ज्याला, त्याच्याकडे ते गेले: कीटक अँड्र्यू मरे यांच्याकडे, ऑस्ट्राकोड रूपर्ट जोन्स यांच्याकडे. शंखांचं वर्णन हिस्लॉप यांनी स्वतः करायचं ठरवलं.

१८६०, लिहिण्याचं टेबल

हा प्रवासातला सर्वांत शांत थांबा आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. दगडात शंख सापडला म्हणजे प्रजाती सापडली असं होत नाही. ती लिहावी लागते.

टेबलाशी बसा. समोर टाकळीचे शंख ओळीने मांडले आहेत. भिंग घ्या. पहिल्या शंखाचे वेढे मोजा. वेढ्यांमधली शिवण खोल आहे की उथळ, पाहा. शेंडा टोकदार की झिजलेला. पृष्ठभाग गुळगुळीत, की वाढीच्या रेषा दिसतात, की आडव्या कडा उठल्या आहेत. तोंड अंडाकृती की गोल. ओठ पातळ की दुमडलेला. एकूण लांबी किती, त्यात तोंडाची लांबी किती. यातलं प्रत्येक माप लिहा, आणि शेवटी तो कुठे मिळाला ते गावाच्या नावासकट लिहा.

मग खरं अवघड काम सुरू होतं. आतापर्यंत जगात वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या प्रजातीशी हा शंख ताडून पाहायचा. तो लहान आहे म्हणून वेगळा, की नुसतं पिल्लू आहे? तो फुगीर आहे म्हणून वेगळा, की संथ पाण्यात वाढल्यामुळे तसा झाला? फायसा प्रिन्सेपीचे लांबट आणि फुगीर शंख हिस्लॉप यांनी एकाच प्रजातीचे प्रकार म्हणून ठेवले. बाकी अनेकांना नवी नावं दिली. ती नावं वाचताना नागपूरच्या माणसाच्या मनात काहीतरी हलतं: पॅल्युडिना टाकलिएन्सिस, लिम्निया तेलंखेडिएन्सिस, सक्सिनिया नागपुरेन्सिस. सोबत्याच्या आठवणीसाठी एक शिंपला, युनियो हंटेराय. टाकळी आणि तेलंखेडी ही नावं त्या दिवसापासून जगभरच्या संग्रहालयांच्या वह्यांत गेली.

हिस्लॉप यांनी त्या थरांना तृतीयक काळाचे मानलं होतं, म्हणजे डायनोसॉरनंतरचे. पुढच्या संशोधनाने ते मागे, डायनोसॉरच्या अखेरच्या काळाकडे नेले. वंशांची नावंही बदलली. जुने पॅल्युडिना आज वेगवेगळ्या गटांत विभागले आहेत. पण वर्णनं टिकली, कारण ती डोळ्यांनी पाहून, मापून, ठिकाण लिहून केलेली होती. काळाचा अंदाज बदलला तरी शंखाचे वेढे तितकेच राहतात. पुढच्या माणसाला तोच शंख काढून पुन्हा तपासता येतो. चांगल्या वर्णनाची हीच कसोटी आहे.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १८६३ मध्ये, हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतत असताना पूर आलेला ओढा ओलांडताना बुडाले. नागपुरात १८८३ साली सुरू झालेलं हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने उभं आहे.

१९५२, गिमवी

कोकणात उतरा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात काही जणांच्या लघवीतून रक्त जातं. शिस्टोसोम नावाच्या कृमीचा हा आजार आफ्रिकेत माहीत होता. भारतात त्याचा असा अड्डा सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. गाडगीळ आणि शाह यांनी तो १९५२ साली समोर आणला. मग प्रश्न आला: कृमीचं अर्धं आयुष्य ज्या गोगलगायीत जातं ती कोणती? ओढ्याच्या दगडांना चिकटलेल्या, टोपीच्या आकाराच्या, काही मिलिमीटरच्या एका शंखाकडे संशोधकांनी बोट दाखवलं. त्याचं नाव फेरिसिया टेन्युइस.

शंखाचं नाव माहीत असणं कशाला लागतं, याचं उत्तर त्या ओढ्यात आहे. गाई-म्हशींच्या यकृतातला चपटा कृमी लिम्नियाच्या कुळातल्या गोगलगायींमधून जनावरांपर्यंत पोचतो; गुरांमधला शिस्टोसोम इंडोप्लॅनॉर्बिस या चकतीसारख्या शंखातून. हे दोन्ही शंख धानाच्या बांधीत आणि बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, सर्रास राहतात. शेजारीच राहणारे दुसरे शंख निरुपद्रवी असतात. फरक वेढ्यांचा आणि तोंडाचा. तो ओळखणारा माणूस गावात असेल तर गुरांना कुठल्या पाण्यावर न्यायचं हेही ठरवता येतं.

आणि नव्या प्रजाती लिहिण्याचं काम अजून संपलेलं नाही. सह्याद्रीच्या धबधब्यांमागच्या ओल्या कातळावर क्रेम्नोकॉन्कस नावाचे शंख राहतात. त्यांचे बाकीचे नातेवाईक समुद्रकिनाऱ्यावर असतात. हेच तेवढे गोड्या पाण्यात आले. दीडशे वर्षं त्यांच्या मोजक्याच प्रजाती माहीत होत्या. २०१३ साली डेव्हिड रीड, अरविंद आणि मध्यस्थ यांनी पश्चिम घाटातून आणखी सहा लिहिल्या. आता कवचाबरोबर दातांची पट्टी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, शरीर उघडून अवयव पाहतात, डीएनए तपासतात, आणि एक नमुना कायमचा संग्रहालयात ठेवतात. त्या नमुन्याशीच पुढचा प्रत्येक दावा ताडला जातो.

आज, भंडारा जिल्हा

लाखांदूर, साकोली, लाखनी, कुठल्याही बाजूला जा; पाळ दिसेल, पाळीमागे पाणी दिसेल. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या पाटलांनी हे तलाव बांधले. मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत १९५१ साली संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडलं: माजी मालगुजारी. अनेकांत गाळ भरला आहे, काठावर बेशरम माजली आहे. काही गावांत ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांनी ती उपटली, गाळ काढला, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासे परत आले.

चप्पल काढा आणि पाळीवरून उतरा. पाणवनस्पतीचा एक झुबका हळूच वर उचला आणि त्याच्या देठांवर बघा.

पट्टेरी, जाड, झाकणाचा, मोठा शंख: बेलॅम्या बेंगालेन्सिस. लामार्कने १८२२ साली त्याचं वर्णन केलं. टाकळीच्या तळ्यात पाहिलेल्या पॅल्युडिनाच्याच कुळातला हा. आजही त्याची मादी कवचासकट पिल्लं देते. नराचं उजवं स्पर्शसूत्र जाड असतं, त्यावरून तो ओळखता येतो. चिखलात सूच्याकार, खडबडीत मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा. म्युलरने १७७४ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या शंखावरून त्याचं नाव ठेवलं. पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला लटकलेला लिम्निया. गोल चकतीचा इंडोप्लॅनॉर्बिस. मुठीएवढा गोल पायला. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांची हस्तपुस्तिका एन. व्ही. सुब्बा राव यांनी लिहिली आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाने ती १९८९ साली काढली. ती जवळ असेल तर यातले बहुतेक तुम्हाला ओळखता येतील.

डाव्या तोंडाचा फायसा मात्र वेगळा विचार करायला लावतो. त्या जुन्या बेटावरची त्याची वस्ती संपली. त्याच्या वंशजांची अखंड रांग आपल्या तलावांपर्यंत आलेली नाही. आज भारतात कुठे फायसा दिसला तर तो माणसाच्या हाताने बाहेरून आलेला असतो, आणि त्याच्या जातभाईंचं घर अमेरिकेत आहे. तुमच्या तलावात डावीकडे तोंड असलेला फुगीर शंख मिळाला तर ती मोठी बातमी आहे. पाहुणा जिल्ह्यात पोचला, हे कुणीतरी नोंदवायलाच हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एका बेटावरच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या तळ्यांचे शंख आपल्याला नावागावानिशी माहीत आहेत, कारण काही माणसं वाकली, त्यांनी मापं घेतली आणि ठिकाण लिहून ठेवलं. पायाशी जिवंत असलेल्या तलावांना तेवढाच मान मिळायला हवा. तलाव बदलत आहेत. गोसीखुर्दच्या धरणाने वैनगंगेचं वाहतं पाणी मोठ्या पट्ट्यात साचवलं आहे. वाहत्या पाण्याला सरावलेल्या जीवांसाठी हा फार मोठा बदल आहे. आधी काय होतं हे लिहिलेलं नसेल, तर काय गेलं हे कधीच सांगता येणार नाही. लाव्ह्याने निदान दगडात खूण मागे ठेवली. आटलेली आणि बुजवलेली बोडी तसं करणार नाही.

हे काम तुमच्या आवाक्यातलं आहे. रिकामी कवचं काठावर मिळतात. तीच घ्या, आणि पाण्यात हात घातल्यावर हात धुवा. प्रत्येक शंखाबरोबर कागदाची चिठ्ठी ठेवा. तिच्यावर पेन्सिलीने तलावाचं नाव, गाव, तालुका, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. पेन्सिल यासाठी की शाई ओलीत फुटते. मोबाइलवर फोटो काढताना शेंडा वर, तोंड स्वतःकडे, आणि बाजूला मोजपट्टी. एका तलावाला वर्षातून दोनदा जा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात. जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना नमुने दाखवा. नाव त्यांना ठरवू द्या, ठिकाण तुम्ही अचूक ठेवा.

आणि ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत झाडं असतील, मासे असतील, पक्षी असतील. शंखांसाठी एक पान मागा आणि त्यावरची पहिली नोंद तुमच्या हाताने करा.